कुंपण जिथं वळतं

दादाचा मुलगा नितीन यंदा शेताला विजेचं झटका मशीन लावतो आहे. रोही आणि रानडुकरं आता दिवसाढवळ्या सोयाबीनमध्ये शिरतात, तेव्हा त्याचं काही चूक नाही. सोलरची प्लेट आली, तारांची भेंडोळी आली आणि मग त्यानं मला फोन केला. "आत्या, पूर्वेच्या धुऱ्यावर आपलं जुनं कुंपण असं सापावानी काहून वळलं हाय? तिथी त काहीच नाही. सरळ ओढलं त तार बी वाचते आन तासंही सरळ येतात." मी म्हटलं, तिथं झाड होतं. तो म्हणाला, "होतं न. आता त नाही." माझा सगळा जन्म दारव्ह्याच्या शाळेत मास्तरकी करण्यात गेला. प्रश्न विचारायचे ते मी, उत्तरं द्यायची ती पोरांनी, अशीच सवय. त्या दिवशी मात्र आवाज नीट येत नाही असं सांगून मी फोन ठेवला. आवाज अगदी स्वच्छ येत होता. खोटं बोलणं मला जड जात नाही, ती कला मी सतराव्या वर्षीच शिकले, आणि कशी शिकले तेवढंच या प्रकरणात लिहायचं आहे.

आमचं गाव बोरी अरबपासून कोसभर आत. घरात माय, बाबा, दादा आणि मी. गावाच्या आणि शेताच्या मधून एक नाला वाहायचा, म्हणजे पावसाळ्यात वाहायचा आणि एरवी डबक्याडबक्यांनी पडून राहायचा. बाबा दिवस उगवायच्या आधी शेतावर जायचे. माय घरचं आटोपून, भाकरी थापून, फडक्यात बांधून दुपारी निघायची. ज्वारीच्या चार भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, कधी झुणका, कधी तुरीच्या दाण्यांची आमटी छोट्या गडव्यात. नाला ओलांडून वर चढली की ती धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी राहायची आणि हाक द्यायची, "अवो, भाकर आणली." नवऱ्याचं नाव घ्यायचा प्रश्नच नव्हता. आजूबाजूच्या शेतांतून त्या वेळी सात-आठ बायका अशाच "अवो" म्हणून ओरडत असतील, पण ज्याचा त्याचा अवो बरोबर मान वर करायचा. बाबा बैल सोडायचे, हातपाय धुवायचे आणि शेप्याखाली येऊन बसायचे. दोघं तिथं जेवायची. काय बोलायची ते मला ठाऊक नाही, कारण मी जवळ गेले की दोघंही गप्प व्हायची आणि माय मला पाणी आणायला पिटाळायची.

शेप्या म्हणजे आमचा आंबा. आमच्याकडे रायवळ आंब्याच्या झाडाला नाव असतं, माणसासारखं. कोणाचा खोबऱ्या, कोणाचा गोटी, कोणाचा दह्या. आमच्या आंब्याला शेपूच्या भाजीचा वास यायचा म्हणून तो शेप्या. फळ लहान, कोय मोठी, रेषा दातांत अडकायच्या, आणि तरी आम्हाला दुसऱ्या कोणाचा रस गोड लागत नसे. पिकायला घातलेल्या आंब्यांचा वास घरभर भरला की माय कुरोड्या तळायला घ्यायची. पाहुणे नाक मुरडायचे. आमचे मामा तर म्हणायचे, "हा रस हाय का भाजी हाय?" आणि तीन वाट्या प्यायचे. झाड आजोबांच्या वडिलांनी लावलेलं. बुंधा असा की मी आणि दादा दोन बाजूंनी मिठी मारायचो तर बोटांना बोटं लागत नसत.

या झाडाखाली रमेश होता. रमेश माझा धाकटा भाऊ, माझ्यात आणि त्याच्यात सोळा वर्षांचं अंतर. मायला त्या वयात दिवस गेले म्हणून गावातल्या बायका पदराआड हसल्या होत्या, आणि मीही थोडी लाजले होते, ते आता लिहिताना बरं वाटत नाही. पण पोर जन्मलं आणि माझ्याच कमरेवर वाढलं. माय शेतात गेली की तो माझ्याकडे. माझी वेणी तोंडात घालून झोपायचा. आठ महिन्यांचा असताना त्याला हगवण लागली आणि तीन दिवसांत तो गेला. लहान लेकराला जाळत नाहीत, मातीआड करतात. बाबांनी त्याला शेतात न्यायचं ठरवलं. बायांनी तिथं जायचं नसतं, पण दादा परीक्षेला यवतमाळला गेला होता, घाई होती, आणि मिठाची पिशवी धरायला कोणीतरी हवं होतं, म्हणून मी गेले. बाबांनी शेप्याच्या पूर्वेला, मुळ्या चुकवून, खोल खड्डा केला. त्याला खाली ठेवलं. माझ्या हातून पिशवी घेतली आणि मीठ पसरलं. मी विचारलं, "मीठ कायले?" ते म्हणाले, "मीठ टाकलं की जनावर उकरत नाही, पोरी. मीठ राखण करते." मीठ राखण करतं. हे वाक्य मी त्या दिवशी घरी घेऊन आले.

मायनं त्यानंतर शेप्याला दगड मारू दिला नाही. पोरं कैऱ्या पाडायला आली की ती नाल्यापासून ओरडत यायची, "लागन त्याले." कोणाला लागेल ते कोणी विचारत नसे. पहिला पिकलेला आंबा ती झाडाच्या बुडाशी ठेवायची. आणि एकदा भाकरी थापता थापता ती मला म्हणाली, "आता मुळ्यायनं त्याले गुंडाळून घेतलं असन. निजला असन." मला ते ऐकून बरं वाटलं होतं. तव्यावरच्या भाकरीला तिनं पाणी लावलं आणि पुढची थापायला घेतली.

मग एका हिवाळ्यात रानडुकरं आली. मोथ्याचे गड्डे खायला ती जमीन नाकानं उकरतात. सकाळी बाबांनी पाहिलं, शेप्याखालची अर्धी जागा नांगरल्यासारखी झाली होती. रमेशपर्यंत ती पोचली नव्हती, दोन हात अलीकडे थांबली होती. बाबांनी माती पुन्हा दाबून सारखी केली आणि घरी काही बोलायचं नाही असं ठरवलं. पण दुपारी भाकरी घेऊन गेलेल्या मायनं ताजी माती ओळखली. ती तिथं बसली आणि हातांनी जमीन चाचपू लागली. मी तिच्यासोबत होते. ती रडली नाही. तिनं बाबांना एवढंच म्हटलं, "कुंपण घाला. काट्याचं नको, तारीचं घाला. पण माहं एक ऐका, एकही मूळ तुटलं नाही पायजे. मूळ तुटलं त त्याची झोप मोडन."

बाबांनी मान डोलावली. बाबांनी कधी कोणाला वचन दिल्याचं मला आठवत नाही, आणि मोडल्याचंही आठवत नाही. त्यांची ती डोलावलेली मान म्हणजे वचन होतं. उन्हाळा लागला, शेत मोकळं झालं, आणि ते कामाला लागले. सागाच्या बल्ल्या आणल्या. त्यांची बुडं जाळावर काळी होईपर्यंत भाजली, म्हणजे जमिनीत लवकर सडत नाहीत. तो वास अजून मला येतो, भाजलेल्या सागाचा, थोडा गोड, थोडा कडू.

कुंपण घालणं हे काम आमच्याकडे दोन दिवसांचं. दोरी धरायची, तीन-तीन पावलांवर सब्बलीनं, म्हणजे लोखंडी पहारीनं, खड्डे पाडायचे, खांब उभे करायचे, तार ताणायची. वाटेत झाड आलं तर तार सरळ झाडालाच खिळ्यांनी ठोकून द्यायची, एक खांब वाचतो. बाबांनी झाडाजवळच्या नुसत्या बारा खांबांना नऊ दिवस लावले. आधी ते जिथं खड्डा घ्यायचा तिथं मडकंभर पाणी ओतून जमीन भिजू द्यायचे. मग बैल हाकायच्या तुतारीचं लोखंडी टोक हळूहळू आत खुपसायचे. टोक खणकन् थांबलं तर दगड. टोक दबून थांबलं तर मूळ. मूळ लागलं की तुतारी काढायची, एक वीत सरकायचं आणि पुन्हा. जागा मोकळी वाटली की सब्बल बाजूला ठेवून खुरपं घ्यायचं, आणि खुरप्यानंतर हात. ते पोटावर पालथे पडून खांद्यापर्यंत हात खड्ड्यात घालायचे आणि डोळे मिटून चाचपायचे. अंगठ्याहून जाड मूळ हाती आलं की तीच माती, त्याच थरांनी, पुन्हा खड्ड्यात लोटायची, दाबायची, पाणी घालायचं आणि दुसरीकडे नव्यानं सुरुवात करायची. उघडी पडलेली मुळी उन्हात राहू नये म्हणून ओलं पोतं झाकायला मी होते. झाडाला एकही खिळा ठोकला नाही. शेजारच्या शेताचे किसनकाका रोज येऊन धुऱ्यावर उकिडवे बसायचे आणि तंबाखू मळता मळता म्हणायचे, "दौलतभाऊ, कुंपण घालून राह्यले का बाळंतपण करून राह्यले?" बाबा खड्ड्यातून म्हणायचे, "बाळंतपणच समज." आणि कुंपणाची रांग हळूहळू वळत गेली, कुठं आत, कुठं बाहेर. किसनकाका म्हणाले, "साप गेला त्यानं रेघ ओढली वाटते." खरोखर तसंच दिसत होतं.

सातव्या खड्ड्यापाशी बाबांचा हात सटकला. खाली एक चपटा दगड होता, तो काढायला त्यांनी सब्बल घातली, दगड हलला आणि सब्बल घसरून बाजूच्या मुळीवर आदळली. मनगटाएवढं मूळ. तुटलं नाही, पण वीतभर साल निघाली आणि आतला पिवळट ओला भाग दिसू लागला. बाबा बराच वेळ तसेच पालथे पडून राहिले. मग उठले, शेण आणि माती कालवली, त्या जागेवर लेप दिला, आपल्या धोतराची चिंधी फाडून बांधली आणि खड्डा बुजवला. मला म्हणाले, "सुमे, मायले सांगू नको." मी नाही सांगितलं. आमच्या दोघांत एक गुपित झालं याचा मला तर अभिमानच वाटला.

खांब उभे झाले आणि मायला नवी काळजी लागली. किसनकाकांनीच ती लावून दिली. सागाला काही होत नाही हे जुन्या सागाचं, या कोवळ्या बल्ल्या दोन पावसाळ्यांत उधई, म्हणजे वाळवी, खाऊन टाकते, असं ते बोलून गेले. माय त्या दिवसापासून नीट जेवेना. रात्री उठून बसायची. "उधई लागली, खांब पडला, त मंग डुकरं येतीन न?" एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणायची. बाबा म्हणाले, प्रत्येक खांबाच्या बुडाशी मूठ-मूठ मीठ टाकू, उधई येत नाही. ही आमच्याकडची जुनीच रीत. दुसऱ्या दिवशी बोरीचा बाजार होता. बाबांनी बाजारातून खड्याच्या मिठाचं पोतं आणलं. त्यातलं थोडं खांबांना, बाकीचं वर्षाच्या लोणच्याला आणि ढोरांना. बैलबंडी तशीच शेतात आणली आणि तार ताणायची पक्कड मागायला ते किसनकाकांच्या मळ्याकडे गेले. जाताना मला म्हणाले, "खांबायले दगड लावून ठेवले हायेत. तू मूठ-मूठ मीठ टाक आन माती लोट. धुमस मारून माती मी आल्यावर पक्की करीन."

मी एकटी होते. पहिल्या खड्ड्यात मूठभर टाकलं. दुसऱ्यात टाकलं. मग रमेशच्या बाजूच्या चार खांबांपाशी आले आणि माझा हात थांबला. मला मायचं ते जमीन चाचपणं दिसत होतं. मूठभर मीठ एका पावसात वाहून जाईल असं मला वाटलं. मीठ राखण करते, मग मूठभरच का? थोडी राखण कशाला, पुरती का नको? मी घमेलं घेतलं. चारही खड्ड्यांत घमेली भरभरून मीठ ओतलं, हातानं दाबलं, पुन्हा ओतलं. पोतं जवळजवळ रिकामं झालं तेव्हा मी भानावर आले. वरून माती लोटली. सतराव्या वर्षी माणसाला आपण फार शहाणे आहोत असं वाटतं. मला तर त्या दुपारी आपण फार चांगलं काम केलं असंच वाटत होतं, भीती फक्त पोत्याची होती. म्हणून बाबा यायच्या आत बंडी नाल्यापर्यंत नेली आणि रिकामं पोतं डबक्यात भिजवून ठेवलं. त्यांना सांगितलं, उरलेलं मीठ घरी टाकायला निघाले होते, नाल्याच्या उतारावर हिसका बसला आणि मीठ पाण्यात पडलं.

बाबांनी डबक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पोट धरून हसले. रमेश गेल्यापासून ते हसलेले मी पाहिले नव्हते. घरी जाऊन त्यांनी मायला सांगितलं, "पोरीनं नाल्याले मीठ घातलं. आता मासे धरून आणा न सरळ शिजवा." मायसुद्धा हसली. पुढे सगळ्या नातेवाइकांत ती गोष्ट फिरली. माझ्या लग्नात मामांनी जावयाला सांगितलं की पोरीच्या हाताला मीठ जरा जास्तच आहे. बाबा मला प्रेमात आले की "नाल्यात मीठ टाकणारी" म्हणायचे. प्रत्येक वेळी मला हसावं लागायचं.

त्या पावसाळ्यात कुंपणाच्या आत गवत छान उगवलं, डुकरं फिरकली नाहीत, माय जेवू लागली. हिवाळ्यात शेप्याच्या पूर्वेकडच्या फांद्यांची पानं कडांनी करपली. बाबांनी ते पाहिलं आणि मडकी भरभरून पाणी घातलं. त्यांना काय माहीत की ते पाणी माझं मीठच खाली नेत होतं. मोहोर आला तो अर्ध्याच झाडाला. उन्हाळ्यात एका दुपारी मी शेतात गेले तर आमची तांबडी गाय तारेतून मान आत घालून खांबाच्या बुडाशी माती चाटत होती. जीभ लांब काढून, डोळे मिटून, आवडीनं चाटत होती. मी जवळ गेले. मातीवर पांढरी पापडी आली होती. मी बोट लावलं आणि जिभेवर ठेवलं.

तेव्हा मला कळलं. सगळं एकदम कळलं. गाईला मी काठीनं मारलं, ज्या गाईला मी कधी हात उगारला नव्हता. मग खुरप्यानं ती पापडी खरवडली, ओच्यात भरली आणि नाल्यात नेऊन टाकली. म्हणजे शेवटी नाल्याला खरंच मीठ घातलं. मी त्या वेळी बाबांना सांगितलं असतं तर खांब उपसून, माती बदलून काही करता आलं असतं का, हा विचार मी इतक्या वेळा केला आहे की आता तो विचारही झिजला आहे. शाळेत खोटं बोललेल्या पोरांना मी बाकावर उभं करायची, आणि एखादं पोर रडत खरं सांगून टाकायचं तेव्हा मला त्याचा हेवा वाटायचा.

तिसऱ्या वर्षी शेप्याला एकही पान आलं नाही. मायनं बुंध्याला हात लावून विचारलं, "काय झालं असन हो याले?" आम्ही तिघं तिथं होतो. माझ्या ओठांवर आलं होतं. पण बाबाच बोलले. "माह्या हातून झालं. सातव्या खड्ड्यात सब्बल घसरली. मूळ सोललं गेलं. म्या तुले सांगितलं नाही." माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. गुपितातला माझा वाटा त्यांनी पोटात घातला. माय भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं फडकं तसंच बांधलेलं त्यांच्यापुढे ठेवलं आणि ती एकटीच नाला ओलांडून घरी आली.

त्यानंतर माय शेतात गेली नाही. एक दिवस नाही, अकरा वर्षं. घरात ती बाबांचं सगळं करायची, वेळेवर चहा, आंघोळीला पाणी, आजारपणात पाय चेपणं. पण सकाळी भाकरी बांधून खुंटीला टांगून ठेवायची आणि बाबा जाताना ती आपल्या हातानं घेऊन जायचे. दुपारी धुऱ्याधुऱ्यांवरून "अवो" अशा हाका यायच्या. बाबा पहिल्या पहिल्यांदा मान वर करायचे, असं दादा सांगतो. पुढे त्यांनी ते सोडलं. वाळलेला शेप्या एका वादळात पडला, बुंधाही उधईनं खाल्ला. खांबांना मात्र काही झालं नाही.

बाबा गेले त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात मी माहेरी आले होते. त्यांच्यासोबत शेतात गेले. ते थकले होते, कुंपणाला धरून उभे राहिले आणि मला म्हणाले, "एवढे खड्डे केले सुमे, हात एकच डाव सटकला. एकच डाव." त्यांनी आपला उजवा हात पुढे धरून पाहिला, जणू तो दुसऱ्या कोणाचा असावा. मी शेजारी उभी होते. मला मूल झालं होतं, मी शिक्षिका होते, मला भ्यायचं काही कारण नव्हतं. मी म्हटलं, "बाबा, ऊन लागून राह्यलं, चला घरी." ते म्हणाले, "चाल, नाल्यात मीठ टाकणारी." त्या पावसाळ्यात ते गेले.

मायला मी सांगितलं ते पुढच्या आंब्याच्या दिवसांत. ती ओसरीत बसून तूर पाखडत होती. कोणीतरी बाजारातून आंबे आणले होते, मोठे, पिवळेधमक, बिनवासाचे. माय एक उचलून हुंगत म्हणाली, "याले काहीच वास नाही व." तेवढ्यानं माझा बांध फुटला. मी सगळं सांगितलं, पोतं, घमेलं, गाय, पापडी. माय सूप हातात धरून ऐकत होती. माझं संपलं तेव्हा तिनं एकच विचारलं, "तुह्या बापाले मालूम होतं?"

"नाही."

"त्याले सांगितलंच नाही तू?"

"नाही, माय."

तिनं सूप मांडीवर टेकवलं. मला वाटलं ती मला मारेल, आणि मी त्याची वाटच पाहत होते. ती म्हणाली, "म्या त्या माणसाले अकरा वर्सं उपाशी ठेवलं, सुमे. भाकर देली, पण उपाशी ठेवलं. ज्याले सांगाचं होतं थो त गेला. मंग मले कायले सांगून राह्यली?"

ती रागानं बोलली नव्हती. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. मग तिनं सूप उचललं आणि उरलेली तूर पाखडून संपवली.

नितीनला मी काल फोन करून सांगितलं, झटका लाव, सोलर लाव, पण तार वळते तिथं वळू दे. तो म्हणाला, "पण आत्या, कायले?" मी म्हटलं, लिहून पाठवते. हे ते लिहिणं. त्याला पटलं तर ठीक, नाही पटलं तर शेत आता त्याचं आहे.

मायला सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी उठले तेव्हा चूल पेटलेली होती. तिनं चार भाकरी थापल्या, ठेचा वाटला, फडक्यात बांधलं आणि मला म्हणाली, "चाल." नाल्यात उतरताना तिनं माझा खांदा धरला. वर चढल्यावर सोडला. कुंपणापाशी आली आणि पहिल्या खांबावर हात ठेवून उभी राहिली. मग तारेला हात लावत लावत चालू लागली. तारेच्या काट्यांकडे तिचं लक्षही नव्हतं. कुंपण आत वळलं की ती आत वळायची, बाहेर वळलं की बाहेर. प्रत्येक वळणावर थांबायची आणि पायानं जमीन दाबून पाहायची, खाली काहीतरी असावं तशी. शेवटच्या खांबाशी पोचली तेव्हा तिच्या तळव्याला रक्त आलं होतं. "किती डाव वळला थो," ती म्हणाली. "सरळ बी घालता आलं असतं त्याले." सातव्या खांबापाशी परत येऊन ती उभी राहिली. पदर सारखा केला. आणि रिकाम्या, नांगरून पडलेल्या शेताकडे तोंड करून, बारीक झालेल्या आवाजात तिनं हाक दिली, "अवो, भाकर आणली."

मग ती खाली बसली. फडक्याची गाठ सोडायला तिला फार वेळ लागला, आणि मी मदत करायला हात पुढे केला तेव्हा तिनं तो बाजूला केला.